भाड्याची नाव आणि लाल निशाण

अमेरिकेंतील बोस्टन आणि केंब्रिज या दोन शहरांच्या मधून चार्ल्स नदी वाहते. एप्रिलपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत, कचेऱ्या सुटण्याच्या सुमारास, तिच्या बोस्टनकडील कांठावरच्या एका धक्क्यावर मोठी वर्दळ असते. दिवसभर लेखणी चालवून आलेले कारकून, रुग्णालयांतून थेट आलेल्या परिचारिका, विश्वविद्यालयांतील विद्यार्थी, निवृत्त गृहस्थ, असे नाना थरांतील लोक तेथें येतात, आपलें नांव नोंदवितात, लाइफ जाकीट अंगांत चढवितात आणि पंधरा फुटी शिडाची नाव सोडून पाण्यावर निघून जातात. यांतील बहुतेकांच्या मालकीची नाव नाहीं. ती ठेवावयास जागा नाहीं आणि तिची निगा राखण्याइतकी सवडही नाहीं. नाव मंडळाची असते. वापर मात्र ज्याला ती चालवितां येते त्या प्रत्येकाचा.

शिडाची नौका हौसेखातर चालविणें हा जगांत सर्वत्र धनिकांचा छंद समजला गेला आहे, आणि ही समजूत अगदींच निराधार नव्हती. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालीं स्थापन झाला; त्याच्या सभासदांच्या यादींत गिरगांवांतील चाळकऱ्यांचीं नांवें शोधूं गेल्यास फार काळपर्यंत निराशाच पदरीं आली असती. बोस्टनमध्यें १९३६ सालीं जोसेफ ली नांवाच्या गृहस्थांनीं याच्या उलट वाट धरली. यांचे वडीलही जोसेफ ली याच नांवाचे. अमेरिकेंत मुलांसाठीं सार्वजनिक क्रीडांगणें व्हावींत या चळवळीचे ते जनक मानले जातात. वडिलांनीं मुलांना मैदान मिळवून दिलें, चिरंजीवांनीं पाणी. नदीलगतच्या वेस्ट एंड या गर्दीच्या व गरीब वस्तींतील मुलांना त्यांनीं शिडाच्या होड्यांवर बसविलें. १९४१ सालीं मंडळाला नदीकांठीं स्वतःची वास्तु मिळाली, आणि १९४६ सालीं ‘कम्युनिटी बोटिंग’ या नांवानें त्याची रीतसर नोंदणी झाली. मुलांची वर्गणी वर्षानुवर्षें अवघा एक डॉलर होती. अट इतकीच कीं, मुलाला ७५ यार्ड पोहतां आलें पाहिजे. पुढें १९५८ पासून नगरसुधारणेच्या नांवाखालीं ती वेस्ट एंडची वस्तीच जमीनदोस्त करण्यांत आली. तेथील कुटुंबें पांगलीं. होड्या मात्र राहिल्या, आणि आज शहराच्या सर्व भागांतील मुलें त्या चालवितात.

आतां प्रश्न असा कीं, ज्याची आपली तोंडओळखही नाहीं अशा माणसाच्या हातीं नाव देणें आणि ती सुखरूप परत येणें, हें साधतें कसें? घोडा भाड्यानें दिला तर तो निदान घरचा रस्ता जाणतो. नावेला तेवढीही बुद्धि नाहीं.

याचें उत्तर धक्क्यावरच्या काठीवर फडकणाऱ्या निशाणांत आहे. वारा सौम्य असला म्हणजे हिरवें निशाण, वाढला म्हणजे पिवळें, जोराचा सुटला म्हणजे लाल. आणि प्रत्येक सभासदाची पायरी ठरलेली असते. नवख्यानें हिरव्या निशाणाखालींच नाव न्यावयाची. लाल निशाण लागलें कीं, ज्यांची तशा वाऱ्यांत प्रत्यक्ष परीक्षा झाली आहे त्यांनींच जावयाचें. पायरी चढावयाची ती तोंडी प्रश्नोत्तरें करून आणि परीक्षकासमोर नाव चालवून दाखवून. पूर्वीं दुसरीकडे शिकलेला माणूस एका दिवसापुरती नाव भाड्यानें मागूं लागला, तरी तो म्हणेल तें प्रमाण मानीत नाहींत. आधीं त्याला धक्क्यापासून थोडें अंतर नेऊन परत आणावयास लावतात. पुष्कळांना यांत अपमान वाटतो. वस्तुतः परीक्षा न घेतां, केवळ पैसे मोजून घेऊन, नाव हवालीं करणारा मनुष्य दिसेल तेथून परत फिरावें, हाच पहिला धडा होय.

वाऱ्याला एवढें महत्त्व देण्याचें कारण साध्या गणितांत आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे शिडावरील दाब दुप्पट होत नाहीं, तो चौपट होतो. वेग तिप्पट झाला म्हणजे दाब नऊपट. ताशीं आठ सागरी मैलांच्या वाऱ्यांत ज्या नावेंत बसून गप्पा मारतां येतात, तीच नाव सोळा मैलांच्या वाऱ्यांत चौपट ताकदीनें आडवी होऊं पाहते, आणि नावेंतील माणसांचें वजन तर तेवढेंच असतें. ब्रिटिश आरमारांतील फ्रान्सिस बोफर्ट यांनीं १८०५ सालीं वाऱ्याच्या पायऱ्या ठरविल्या, त्या आजही उपयोगीं पडतात. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे ताशीं सात ते दहा सागरी मैलांच्या वाऱ्यांत, पाण्यावर कोठें कोठें पांढरा फेस दिसूं लागतो. चौथ्या पायरीवर, अकरा ते सोळा मैलांत, पांढरे तुरे जागोजाग उमटतात. यंत्र जवळ नसलें तरी पांढरे तुरे मोजावयास डोळे पुरेसे आहेत. नवशिक्यानें ते वारंवार दिसूं लागतांच कांठ गांठावा.

याहून फसवी गोष्ट आणखी एक आहे, आणि तींत भलेभले फसतात. वारा पाठीशीं घेऊन नाव चालली असतां सर्व कांहीं शांत वाटतें. समजा, वारा ताशीं बारा मैलांचा आहे आणि नाव त्याच दिशेनें पांच मैलांनीं चालली आहे. नावेंतील माणसाच्या पाठीवर वारा सातच मैलांचा लागतो. त्याला वाटतें, आजचा दिवस किती सुखाचा! परंतु परत फिरून वाऱ्याच्या तोंडीं तिरपें चालूं लागतांच तोच वारा पंधरा मैलांहून अधिक वेगानें अंगावर येतो, आणि शिडावरील दाब चौपटीहून जास्त होतो. वारा मुळींच वाढलेला नसतो. वाढलेला असतो तो माणसाचा अनुभव. म्हणून जुने नावाडी सांगतात कीं, प्रथम वाऱ्याच्या तोंडीं जावें आणि दमल्यावर वाऱ्याबरोबर घरीं यावें.

शिडाची नाव वाऱ्याच्या अगदीं समोर चालूं शकत नाहीं, हें सर्वांस ठाऊक असतें. वाऱ्याच्या दिशेशीं सुमारें पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून, एकदां या बाजूस व एकदां त्या बाजूस वळत, तिला पुढें सरकावें लागतें. पण या अडचणींतच नवख्याचें संरक्षण दडलेलें आहे. वारा समोरून किंवा बाजूनें येत असतां शिडाची दोरी हातांतून सोडली कीं शीड निशाणाप्रमाणें फडफडूं लागतें, त्यांतला जोर जातो, आणि कललेली नाव सरळ होते. नावेचा लगाम तो हाच. एवढें खरें असतांही नवखा मनुष्य घाबरला म्हणजे नेमकें उलट करतो, दोरी आवळून धरतो. जणू कांहीं दोरीच त्याला बुडूं देणार नाहीं! कित्येक जण तर ती खिळीला पक्की बांधून मोकळे होतात. लहान नावेंत शिडाची दोरी बांधून ठेवूं नये, हातांत धरावी. हात दुखूं लागले तर घरीं यावें.

पाठीशीं वारा असतां मात्र हा लगाम चालत नाहीं. त्या वेळीं शीड पूर्ण उघडलेलें असतें, आणि सुकाणूं थोडें चुकलें कीं वारा शिडाच्या मागल्या बाजूनें शिरून, शिडाच्या तळाशीं असलेली आडवी काठी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस सपकन् फेंकतो. वाटेंत डोकें आलें तर त्याची गय होत नाहीं. नाव उलटण्याचें हें एक मोठें कारण, आणि डोक्याला इजा होण्याचें तर सर्वांत मोठें. वळण घेतांना सुकाणूवर असलेल्यानें आधीं मोठ्यानें सांगावें, दोरी ओढून काठी मधोमध आणावी, मगच वळावें. बरोबर मुलें अथवा वडील मंडळी असल्यास त्यांस निघण्यापूर्वींच ती काठी दाखवून ठेवावी.

नाव ताब्यांत घेतांना काय पाहावें? येथें घाई करणारे फार. सुकाणूं आपल्या बिजागऱ्यांत नीट बसलें आहे कीं नाहीं, शीड वर ओढण्याची दोरी कोठें झिजली आहे काय, डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांच्या टोकांच्या खुंट्या जागेवर आहेत काय, तळाचें पाणी काढण्याचें बूच लावलेलें आहे काय, हें स्वतः हात लावून पाहिलें पाहिजे. वल्हें, पाणी उपसण्याचें भांडें आणि शिट्टी नावेंत हवीच. चष्मा असणाऱ्यांनीं त्यास दोरा बांधावा. पाण्यांत पडलेला चष्मा शोधीत बसणें हा वेळ घालविण्याचा वाईट मार्ग आहे. जें मोडकें आढळेल तें धक्क्यावरील माणसास दाखवून लिहून घ्यावें. अनामत रकमेचा तंटा टळतो हें खरेंच, पण मुख्य लाभ तो नव्हे. सायंकाळीं परत आल्यावर आपल्या हातून झालेली मोडतोड दडवून निघून जाणारे सभासद कोठेंही असतात. चार आणे वांचविण्यासारखें तें असतें. पण उद्यां सकाळीं ती झिजलेली दोरी एखाद्या बारा वर्षांच्या मुलीच्या हातांत भर पाण्यांत तुटावयाची असते. भाड्याच्या नावेच्या बाबतींत खोटेपणाचें मोल दुसराच कोणी तरी देतो.

चार्ल्स नदीचा हा भाग नवशिक्यांस तसा सोयीचा आहे. १९१० सालीं मुखाशीं धरण बांधून झाल्यापासून येथें भरती-ओहोटी येत नाहीं. पूर्वीं ओहोटीच्या वेळीं जेथें दुर्गंधीचा चिखल उघडा पडे, तेथें आज गोड्या पाण्याचा विस्तीर्ण डोह आहे. लाँगफेलो पूल आणि हार्वर्ड पूल या दोहोंच्या मध्येंच राहावें, अशी मर्यादा आहे. असे असूनही हें पाणी निरुपद्रवी नाहीं. दोन्ही कांठांवरच्या उंच इमारतींमुळें वारा येथें एका दिशेचा राहत नाहीं. क्षणांत पडतो, क्षणांत भलत्याच बाजूनें झोत येतो. पाण्यावर काळसर सुरकुतीचा पट्टा सरकत येतांना दिसला म्हणजे झोत आला असें समजून दोरी सैल करण्याच्या तयारींत राहावें. पलीकडच्या कांठीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयाचाही नौकागृह आहे, तोही १९३६ चाच. त्यांच्या व यांच्या नावा एकाच पाण्यांत फिरतात, मधून वल्ह्यांच्या शर्यतीच्या लांब होड्या जातात. तेव्हां कोणी कोणास वाट द्यावयाची हें पाठ असलें पाहिजे.

हे नियम १९७२ सालच्या आंतरराष्ट्रीय करारानें सर्व समुद्रांवर सारखे झाले आहेत. दोन शिडाच्या नावा समोरासमोर आल्या आणि त्यांस वारा निरनिराळ्या बाजूंनीं लागत असला, तर जिला तो डावीकडून लागतो तिनें वाट द्यावी. दोघींनाही एकाच बाजूनें लागत असला, तर वाऱ्याकडच्या नावेनें बाजूस व्हावें. मागून येऊन पुढें जाऊं पाहणाऱ्यानें नेहमींच दूर राहावें. आणि अरुंद खाडींत वा बंदराच्या वाटेंत मोठें जहाज येत असतां लहान नावेनें त्याचा मार्ग अडवूं नये. कायदा बाजूस ठेवला तरी, हजारों टनांचें जहाज हांकेसरशीं थांबत नाहीं, इतकें ध्यानीं धरलें म्हणजे पुरे.

नाव उलटली तर काय करावें, हा प्रश्न घरच्या मंडळींच्या मनांत सर्वांत आधीं येतो. खालीं वजनदार कणा असलेली नाव सहसा उलटत नाहीं, पण पाणी भरलें तर जड होते. खालीं-वर होणारी फळी असलेली हलकी नाव उलटते, पण तरंगत राहते आणि पुन्हां उभी करतां येते. बोस्टनच्या मंडळांतील मर्क्युरी जातीच्या नावा या दोन्ही घडणींच्या बनतात. म्हणून, आपल्याला मिळालेली नाव कोणत्या प्रकारची, हें निघण्यापूर्वींच विचारावें. फळीची नाव उलटल्यास प्रथम सगळीं माणसें मोजावीं. नंतर शिडाची दोरी सोडवून, नावेचें तोंड वाऱ्याकडे करून, एकानें फळीवर उभें राहून मागें झुकावें. नाव हळूहळू वर येते. हें कोरडें वाचून कळत नाहीं, यासाठीं चांगलीं मंडळें उन्हाळ्यांत नावा मुद्दाम उलटवून शिकवितात. आणि नाव उभी न राहिली तरी तिला सोडून किनाऱ्याकडे पोहत निघूं नये. किनारा दिसतो त्याहून नेहमींच लांब असतो. उलटी पडलेली नाव दुरून दिसते. पाण्यांतलें डोकें दिसत नाहीं.

हें विशेषतः थंड पाण्याच्या बाबतींत जीवनमरणाचें ठरतें. बोस्टनमध्यें एप्रिलांत ऊन चांगलें पडतें, लोक पातळ सदरे घालून येतात. पण नदी हिवाळ्यांतून नुकतीच बाहेर आलेली असते. कॅनडांतील संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनीं अशा प्रसंगासाठीं एक सोपा हिशेब प्रसृत केला आहे: एक, दहा, एक. थंडगार पाण्यांत पडल्यावर पहिलें एक मिनिट श्वास ताब्यांत राहत नाहीं, माणूस धापा टाकतो. त्या अवधींत तोंड पाण्याखालीं गेलें तर उत्तम पोहणाराही बुडतो. पुढचीं दहा मिनिटें हातपाय कामाचे राहतात. त्यानंतर बोटें वळेनाशीं होतात, परंतु गारठ्यानें शुद्ध हरपावयास सुमारें एक तास लागतो. याचा अर्थ इतकाच कीं, ज्याच्या अंगावर लाइफ जाकीट आहे त्याला तो तास मिळतो, आणि ज्याचें जाकीट बांकाखालीं घडी करून ठेवलें आहे त्याला पहिलें मिनिटही पुरतें मिळत नाहीं. पाण्यांत पडल्यावर जाकीट चढवीन असें म्हणणारानें तें एकदां कांठाजवळ करून पाहावें. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षें एकच आकडा पुनःपुन्हां दिसतो: नौकांच्या अपघातांत बुडून मेलेल्या दहा जणांपैकीं आठांहून अधिकांच्या अंगांत जाकीट नव्हतें.

आपल्याकडे पाणी कोमट आहे म्हणून ही गोष्ट परकी समजण्याचें कारण नाहीं. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या उतारूंच्या नौकेस एका वेगवान नौकेची धडक बसली आणि सहलीस निघालेलीं माणसें भर दुपारीं, किनाऱ्याच्या दृष्टिपथांत, बुडालीं. त्यानंतर उतारूंच्या अंगांत जाकिटें दिसूं लागलीं.

मुंबईच्या पाण्यावर शिडाची नाव भाड्यानें घेऊं इच्छिणारांस बोस्टनचे नियम जसेच्या तसे पुरत नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. येथें मुख्य शत्रु भरती-ओहोटीचा ओढा. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरांत पाण्याची पातळी पांच मीटरपर्यंतही वरखालीं होते; भांगाच्या दिवसांत हा फरक पुष्कळच कमी असतो. नावाडी यासाठीं बाराव्या हिश्शांचा हिशेब करतात. ओहोटीचे सुमारें सहा तास धरले, तर पहिल्या तासांत पाण्याचा बारावा हिस्सा उतरतो, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत तीन, पांचव्यांत दोन आणि सहाव्यांत पुन्हां एक. म्हणजे निम्मी ओहोटी मधल्या दोनच तासांत होते, आणि त्याच वेळीं ओढ सर्वांत जबर असते. दुपारीं खारा वारा सुटतो, वाढत जातो, सर्वांस उत्साह येतो; सूर्यास्ताच्या सुमारास तो पडतो. त्या वेळीं मधली ओहोटी चालूं असली तर शीड लोंबकळत राहतें आणि नाव निमूटपणें समुद्राकडे जाऊं लागते. म्हणून तिथि आणि भरतीची वेळ पाहिल्यावांचून नाव ठरवूं नये. कोळीवाड्यांतील पोरालाही हें सांगावें लागत नाहीं, पण शिकल्यासवरल्या माणसांना सांगावें लागतें! प्रथम प्रथम तांडेलासह नाव घ्यावी, हें उत्तम. तांडेल बरोबर घेण्यांत कमीपणा नाहीं.

पावसाळ्याविषयीं तर बोलावयासच नको. राज्यांत यांत्रिक नौकांनीं मासेमारी करण्यास १ जून ते ३१ जुलै या काळांत बंदी असते. ती माशांच्या विणीसाठीं आहे. पण दर्यावर जाणाऱ्यांनीं नारळी पौर्णिमेपर्यंत कांठावर थांबण्याची चाल त्याहून फार जुनी आहे. १७ जुलै १९४७ या दिवशीं ऐन आषाढांत मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं. ती शिडाची नाव नव्हती, वाफेचें जहाज होतें. तिच्यापुढें पंधरा फुटी नावेची कथा काय? कोंकणांतील कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण अजून निघते.

परत येण्याची कलाही थोडी शिकावी लागते. धक्क्याकडे वारा तोंडावर घेऊन, शीड सैल सोडून, चालत्या माणसाच्या वेगाहून कमी वेगानें यावें. वेग जास्त वाटला तर लाज न बाळगतां एक फेरी घेऊन पुन्हां यावें. धडक चुकविण्यासाठीं पाय बाहेर काढून धक्क्याला टेकविणारे लोक आहेत. पंधरा फुटी नाव आणि दगडी धक्का यांच्या मध्यें सांपडलेला पाय कोणाचाच राहत नाहीं. नावेला ओरखडा गेला तर दुरुस्त होतो.

नंतर शीड उतरवून घडी करावयाची, सुकाणूं, वल्हें व जाकीट जागच्या जागीं द्यावयाचें आणि आपलें नांव परत आलेल्यांत लिहवून घ्यावयाचें. हें शेवटचें काम पुष्कळ जण विसरतात आणि सरळ घरीं जातात. मग धक्क्यावरचा मनुष्य अंधार पडूं लागला तरी निशाणाच्या काठीखालीं उभा राहून पाण्यावर पाहत राहतो, आणि शेवटीं आपली मोटारहोडी सुरू करून, घरीं जेवावयास बसलेल्या माणसास शोधावयास निघतो.